वही कुणाच्या घरात?

 

गटांच्या बैठकांना गेलं की एक प्रश्न फिरून फिरून येतो. गटाची वही कुणाच्या घरात ठेवायची? शिकलेल्या सुनेच्या, अध्यक्षांच्या, की दर महिन्याला एकीच्या? प्रश्न दिसतो एवढासा. पण ह्याच्यावरून गट फुटलेले मी पाहिलेत. एका ताटात जेवणाऱ्या बाया सहा-सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणून म्हटलं, उत्तर द्यायच्या आधी ह्या वहीचा इतिहासच सांगावा. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि बराचसा आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे.

पहिली वही सावकाराची. आपल्या डोंगरातल्या माणसांना तिची ओळख फार आधीपासून होती. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांचं बंड आपण पोवाड्यात ऐकतो, २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. त्या बंडाच्या मुळाशी इंग्रजांचं राज्य होतं, तशी सावकाराची वहीही होती. कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा द्यायचा आणि घरी यायचं. कागदावर किती रुपये लिहिले, व्याज कसं धरलं, मागच्या सुगीला दिलेलं धान्य वजा केलं का नाही, हे ठाऊक फक्त एकालाच. शेत गहाण पडायचं ते पैसे नव्हते म्हणून, हे खरं. पण त्याच्याबरोबर हिशेब दुसऱ्याच्या घरात होता, म्हणूनही पडायचं.

मग १८७५ साल आलं. १२ मे ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारात लोक उठले, आणि तिथून दंगा आपल्या जिल्ह्यातही पसरला. पारनेर, श्रीगोंदा ह्या भागात गावंच्या गावं सावकाराच्या दारात उभी राहिली. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. ह्यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. लोकांनी पहिल्यांदा सोनंनाणं मागितलं नाही. त्यांनी कागद मागितले. कर्जरोखे, खतं, वह्या बाहेर काढा म्हणाले आणि चौकात ढीग करून पेटवून दिल्या. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं बहुतेक ठिकाणी माणसाला हातही लावला नाही. न वाचता येणाऱ्या माणसांनासुद्धा नेमकं कळलं होतं, की आपला फास कुठं आहे.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी. ह्या कायद्यात इतर बरंच काही होतं, पण आपल्या कामाच्या गोष्टी दोन-तीनच. कर्जाचा रोखा सरकारी नोंदणीदारापुढं व्हावा. पैसे परत दिले की सावकारानं पावती द्यावी. वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, आणि कर्जदाराला खातेपुस्तक मिळावं. आज आपल्या प्रत्येकीच्या पिशवीत गटाचं जे छोटं पासबुक असतं ना, त्याचा हा एक जुना पूर्वज. कायदा झाला म्हणून सावकारी संपली असं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. पण एक गोष्ट पहिल्यांदा मान्य झाली, की ज्याचा पैसा त्याच्या हातात हिशेबाची एक प्रत पाहिजे.

त्यानंतर सहकार आला. आपल्याच प्रवरेच्या काठी, खाली लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. तिथं वही सभासदांची झाली, वर्षातून एकदा सभेत अहवाल वाचला जाऊ लागला. मोठं काम होतं ते. पण सभासद व्हायचं तर उसाचं शेत पाहिजे, आणि सातबारा बहुतेक पुरुषांच्या नावावर. म्हणजे वही सावकाराच्या घरातून निघून सभेत आली, पण त्या सभेत बाई क्वचितच होती. आपल्या डोंगरपट्ट्यात ऊस तरी कुठं होता म्हणा.

बायांची व्यवस्था वेगळीच चालू होती, तिचं नाव भिशी. ह्या भिशीला मी कमी लेखत नाही. कोळशानं भिंतीवर रेघा ओढून, नाहीतर डब्यात चिंचोके टाकून दहा-पंधरा बायांचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. अडचण एवढीच, की ती आजी आजारी पडली किंवा लेकीकडं राहायला गेली की भिशी बंद. सगळं तिच्या डोक्यात. तिच्याशी वाकडं झालं तर विचारायचं कुणाला?

हा गुंता सोडवायला शेजारच्या गुजरातेत बायांनी एक युक्ती केली. १९७४ मध्ये अहमदाबादला इलाबेन भट्ट ह्यांच्या 'सेवा' संघटनेतल्या चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. भाजी विकणाऱ्या, कागद-काच वेचणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बाया. सही येत नाही, मग बँकेनं ओळखायचं कसं? तर बाईला हातात पाटी धरायला लावली, पाटीवर तिचा खाते नंबर, आणि तसाच फोटो काढून ओळखीला लावला. शिकेपर्यंत थांबायची गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९७५ ला, आपल्याकडं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं.

बचत गटांची खरी लाट त्यानंतर आली. १९९२ मध्ये नाबार्डनं देशभरात पाचशे गट बँकेला जोडून बघायचं ठरवलं. फक्त पाचशे! तेव्हा बँकेपुढं प्रश्न होता, ह्या बायांकडं तारण काय? शेत नवऱ्याच्या नावावर, दागिना म्हणाल तर गळ्यातल्या काळ्या मण्यांची पोत. बँकेनं मग वही मागितली. बैठका ठरल्या दिवशी होतात का, हजेरी किती, बचत नेमानं येते का, आपापसात दिलेलं कर्ज परत येतं का. ते बघून कर्ज दिलं. सावकाराच्या काळात जी वही बाईच्या घराचं शेत घालवत होती, तीच आता तिचं तारण झाली. एवढा मोठा पालट शंभर-सव्वाशे वर्षांत झाला, आणि आपण मात्र बैठकीत वही आली की "लवकर लिहा ताई, पाणी भरायचंय" म्हणतो.

आपल्या डोंगराच्या पलीकडं, जुन्नरच्याही पुढं खेड तालुका आहे. तिथं राजगुरुनगरला सुधा कोठारी ह्यांच्या चैतन्य संस्थेनं १९९० च्या दशकात गटांचा संघ बांधायला मदत केली. ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ असं त्याचं नाव. एकेका गटाला जे जमत नाही ते दहा-वीस गावांच्या गटांनी मिळून करायचं. हिशेब तपासायला आपल्यातलीच बाई तयार करायची, भांडण मिटवायला आपल्यातलीच बाई जायची. पुढं २००७ पासून माविमनं तेजस्विनी कार्यक्रमात हेच राज्यभर मोठ्या प्रमाणावर केलं. लोकसंचालित साधन केंद्रं निघाली, सहयोगिनी आल्या. २०११ मध्ये उमेद अभियान आलं. गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. प्रेरिका, बँक सखी, कृषी सखी, पशु सखी. ही सगळी नावं आता आपल्या घरातली झालीत.

आता इथं जरा थांबते, कारण खरी अडचण इथून सुरू होते.

दहा बायांचा गट असला तर सगळ्यांना सगळं कळणं सोपं. ओसरीवर बसायचं, बोलायचं. पण संघटना जिल्ह्याची झाली, राज्याची झाली, लाखो बाया आल्या, की कळलेली गोष्ट सगळ्यांपर्यंत न्यायची कशी? एक वाट म्हणजे साहेबांनी परिपत्रक काढायचं आणि ते खाली पाठवायचं. ती सोपी वाट. दुसरी वाट आंध्र प्रदेशातल्या बायांनी घातली. तिथं २००० सालानंतर ज्या बाया गटामुळं स्वतः गरिबीतून वर आल्या होत्या, त्या दुसऱ्या गावात जाऊन राहू लागल्या. घरोघर फिरायच्या आणि स्वतःची गोष्ट सांगायच्या. मी कर्ज कशाला काढलं, फेडताना काय हाल झाले, नवरा काय म्हणाला, सासू काय म्हणाली. ऐकणाऱ्या बाईला समोर आपल्यासारखीच बाई दिसायची, आपल्यासारख्याच लुगड्यातली. त्या बाया पुढं बिहारसारख्या दूरच्या राज्यांतही गेल्या, जिथं भाषासुद्धा वेगळी होती. आपल्या महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यातल्या बायांनी हे काम उचललं. त्या दुसऱ्या जिल्ह्यांत गट बांधायला जातात, आणि त्यांना नाव पडलं वर्धिनी. नाव किती छान आहे बघा, गावावरून आलं आणि अर्थालाही जुळलं.

ह्या फिरण्याला मी प्रशिक्षणापेक्षा मोठं मानते. माझं बी. ए. झालंय, पुस्तकातून शिकायची मला सवय आहे. तरीही सांगते, दशसूत्रीचा फलक भिंतीवर लावून जे होत नाही ते एक बाई चार दिवस गावात राहिल्यानं होतं. दशसूत्री आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे, आणि पुढं आरोग्य, शिक्षण, पंचायतराज, शासकीय योजना, उपजीविका. पाहुणे आले की सगळ्या एका सुरात म्हणतात. पण "नियमित लेखे" म्हणणाऱ्या दहा जणींना वेगवेगळं गाठून विचारा, तुझ्या नावावर आज किती शिल्लक आहे? सात जणी लिहिणाऱ्या ताईकडं बोट दाखवतात. म्हणजे सूत्र सगळ्यांकडं आणि माहिती एकीकडं. जुन्या सावकाराची गादी पुन्हा अशीच तयार होते, तीही कुणाच्या मनात पाप नसताना. लिहिणारी ताई बिचारी प्रामाणिक असते. पण भात लावून झालं की आपल्याकडची घरं मजुरीला नारायणगावकडं जातात. एका गटाची लिहिणारी सून अशीच गेली, वही तिच्या पेटीत, पेटीला कुलूप. तीन महिने कर्जाचे हप्ते कुणाचे किती हे कुणालाच सांगता येईना. बँकेत गट थकबाकीत गेला. पैसे होते, हिशेब नव्हता.

दुसरी अडचण मला ह्याहून मोठी वाटते. मोठ्या संघटनेत माहिती वरून खाली येते, खालून वर जात नाही. कोंबडीपालन कसं करावं हे शिकवायला गाडी येते. पण कोणत्या माळावर वरई चांगली येते, डांगी गाय आपल्या पावसात का टिकते, कोणती रानभाजी केव्हा खायची नाही, हे विचारायला कुणी आलं का? घाटघर-रतनवाडीच्या पावसात पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या बाईला काहीच येत नाही, असं धरूनच पुष्कळ कार्यक्रम आखले जातात.

ह्याला उत्तर आपल्याच अकोले तालुक्यात सापडलं. कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे. त्यांना आता सगळा देश ओळखतो. नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं. बीजमाता म्हणतात त्यांना. त्यांची गोष्ट सांगताना लोक पुरस्कारांवर येऊन थांबतात. मला त्यातली व्यवस्था सांगायची आहे.

राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. संकरित बियाणं आलं, खतं-औषधं आली, घरातली नातवंडं आजारी पडायला लागली, तेव्हा त्यांनी जुनं बियाणं राखायला सुरुवात केली. वालाचे प्रकार, भाताचे, भाजीपाल्याचे. शेणामातीनं सारवलेली मडकी-कणग्या, राख, कडुनिंबाचा पाला, हे आपल्या आज्यांचंच शास्त्र. इथंपर्यंत ही एका बाईची गोष्ट. पण त्या गावातला चेमदेवबाबा महिला बचत गटही चालवत होत्या, आणि पुढं मणिभाई देसाई ह्यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेली बायफ संस्था त्यांच्या सोबतीला आली. बायफच्या लोकांनी प्रत्येक वाणाची माहिती लिहून घेतली. कोणता वाण कधी पेरायचा, किती दिवसांत येतो, कोणती कीड लागते, चवीला कसा. राहीबाईंच्या डोक्यातलं कागदावर आलं. आणि बियाणं बँकेचा नियम काय ठरला? बी फुकट न्या, पण पीक आलं की दुप्पट आणून द्या.

ह्या नियमाचा नीट विचार करा. दुप्पट बी परत आणायचं म्हणजे पीक चांगलं आलं पाहिजे. पीक चांगलं यायचं तर ते कसं करायचं हे नेणारीला शिकावं लागतं. म्हणजे बियाबरोबर शहाणपणही घराबाहेर जातं, आणि बी दहा घरांत असल्यामुळं एका घरात उंदीर लागला किंवा छप्पर गळलं तरी वाण मरत नाही. वाण कुणाच्या घरात ठेवायचा, ह्याचं कोंभाळण्यानं दिलेलं उत्तर असं आहे. कळसूबाई परिसरात आता बियाणं संवर्धनाची संस्थाच उभी राहिली आहे. पुण्या-मुंबईचे शास्त्रज्ञ शिकायला येतात आणि बाई शिकवते. माहिती खालून वर जाऊ शकते, ती अशी.

सरकारनंही २००२ च्या जैवविविधता कायद्यात अशीच एक वही सांगितली आहे, लोक जैवविविधता नोंदवही. गावातली झाडं, पिकं, जनावरं, औषधी आणि त्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहायची. आपल्या ग्रामपंचायतीत ती असायला पाहिजे. एकदा जाऊन मागा. दाखवली तर त्यात तुमच्या आजीला ठाऊक असलेलं किती आहे ते बघा. गावातल्या एकाही बाईशी न बोलता भरलेली नोंदवही मी पाहिली आहे. तिच्यात रानभाज्यांच्या पानावर तीन नावं होती. तीन!

आता शेवटचा टप्पा, तो आपल्या डोळ्यांपुढं चालू आहे. गटाचे हिशेब मोबाइलमध्ये जातायत. लोकॉस नावाचं ॲप आहे, त्यात बैठकीची बचत, कर्ज, परतफेड सगळं भरायचं. ह्याला माझा विरोध नाही. बेरीज चुकत नाही, वही पावसात भिजत नाही, बँकेला लगेच दिसतं. पण मोबाइल एकीच्या हातात असतो. कुमशेत, फोफसंडीसारख्या ठिकाणी रेंज नसली की माहिती घरी नाहीतर तालुक्याला येऊन भरली जाते, म्हणजे बैठकीबाहेर. दहा बाया गोल करून बसल्यात आणि वही मधोमध उघडी आहे, हे चित्र जातं. १८७५ ला लोकांनी जे मागितलं होतं ते नव्या पडद्यामागं पुन्हा लपायला नको. म्हणून ज्या गटांत मी जाते तिथं म्हणते, ॲप भरा, खुशाल भरा, पण कागदाची वही आणि प्रत्येकीचं पासबुक सोडू नका. आणि बैठक उठायच्या आधी आजचे आकडे मोठ्यानं वाचा. नाव, बचत, कर्ज, शिल्लक. प्रत्येकीनं आपल्या पासबुकाशी ताडून "हो" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. दहा मिनिटं जातात. पाणी दहा मिनिटं उशिरा भरलं तर चालतं.

तर वही कुणाच्या घरात? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. आधी बघा की कुणाचं छप्पर गळत नाही. हसू नका, आपल्याकडच्या पावसात हे पहिलं. चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. डबा एकीकडं, किल्ली दुसरीकडं. लिहिणाऱ्या दोघी पाहिजेत, आलटूनपालटून, म्हणजे एक मजुरीला गेली तरी अडत नाही. आणि वर्षानं दोघींतली एक बदलून तिसरी घ्यायची, आधीच्या दोघींनी तिला शेजारी बसवून शिकवायचं.

तिसरी कुठून आणायची, आमच्यात कुणी शिकलेलंच नाही, असं म्हणाल. पासबुक वाचायला बाराखडी लागत नाही, शून्य ते नऊ हे दहा आकडे लागतात. ते शिकवताना पाटी-पेन्सिल काढू नका, मावश्या लाजतात. मोबाइल हातात द्या आणि लेकीचा नंबर लावायला सांगा. ज्या मावशी "मला काही येत नाही" म्हणतात त्या लेकीचा दहा आकडी नंबर न चुकता दाबतात. तेच आकडे मग पासबुकात दाखवा.